लुगोशकर बेला

रेल्वेच्या डब्याला आपण कोच म्हणतो, क्रिकेट संघाच्या गुरुजींना कोच म्हणतो आणि दहावीच्या पोराला कोचिंग क्लासला घालतो. (दिवाणखान्यातला कोच यांच्यातला नव्हे. तो फ्रेंचांच्या निजण्याच्या क्रियापदावरून आला आणि मराठीत योगायोगाने यांचा सख्खा भाऊ दिसू लागला.) या तिघांचं मूळ हंगेरीच्या वायव्य भागातल्या कोच नावाच्या खेड्यात आहे. पंधराव्या शतकात तिथल्या हलक्या, वेगवान घोडागाड्यांचा बोलबाला झाला. हंगेरियनमध्ये गाडी म्हणजे ‘सेकेर’, तेव्हा कोचची गाडी ती ‘कोची सेकेर’. हळूहळू सेकेर गळालं आणि नुसतं कोची उरलं. पैठणची साडी ती पैठणी, मग साडी म्हणायची गरज उरत नाही, तसंच. जर्मन, फ्रेंच आणि इंग्रज लोकांनी तो शब्द आपापल्या जिभेवर घोळवून घेतला. १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षेच्या चिखलातून ओढून नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरला गमतीने कोच म्हटलं आणि गाडीचा माणूस झाला.

हंगेरियनचा आपल्या भाषाकुळाशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे तिचा ‘ई’ आणि पैठणी-कोल्हापुरीतला आपला ‘ई’ हे जुळे नव्हेत. पण काम एकच : वस्तूला गावाशी बांधायचं. हंगेरियनमध्ये तो माणसांनाही लागतो. हुन्यादचा तो हुन्यादी, आणि लुगोशचा तो लुगोशी.

हा लुगोशी म्हणजे पडद्यावरचा पहिला बोलता ड्रॅक्युला. २० ऑक्टोबर १८८२ रोजी तो लुगोशमध्ये जन्मला तेव्हा त्याचं नाव होतं ब्लाश्को बेला. हंगेरियन माणूस आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी सांगतो. आणि बेला हे तिकडे अस्सल पुरुषी नाव आहे, राजांनी वापरलेलं. आपल्याकडच्या बेलाताईंनी राग मानू नये. ब्लाश्को हे नाव वळणाने स्लाव. त्या काळात हंगेरीत अशी नावं टाकून अस्सल मग्यार वाटतील अशी नावं घेण्याची लाटच होती. घरातून पळालेल्या, गावोगावच्या फिरत्या मंडळ्यांतून नटगिरी करणाऱ्या या पोराने जन्मगावाचं नाव उचललं.

नटाने गावाचं नाव लावावं, यात मराठी माणसाला नवल वाटायचं कारण नाही. गोमंतकातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर झाले, आणि त्यांच्या बलवंत संगीत मंडळीतले भागीदार कृष्णराव कोल्हापुरे होतेच. मराठी हिशेबाने बघितलं तर बेला हा लुगोशकर.

सुरुवातीला मात्र तो हे नाव ‘ई’ऐवजी वायने संपवत असे. उच्चारात फरक नाही, पण हंगेरीत आडनावाच्या शेवटचा वाय म्हणजे खानदानाची खूण. उमरावांची नावं तशी संपतात. पुढे त्याने तो ऐटबाज वाय सोडून साधा ‘ई’ घेतला. मूकपटांत काम करताना त्याने आणखी एक नाव वापरलं, आरिस्टिड ओल्ट. ओल्ट ही ट्रान्सिल्वानियातून वाहणारी नदी. गाव नाही तर नदी, पण नकाशा काही सुटेना.

१९१३ला तो बुडापेश्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात दाखल झाला. महायुद्धात लढला, जखमी झाला. १९१९मध्ये हंगेरीत काही महिने साम्यवादी राजवट आली तेव्हा याने नटांची संघटना बांधली. राजवट कोसळल्यावर त्याची किंमत मोजावी लागली : आधी व्हिएन्ना, मग बर्लिन, आणि डिसेंबर १९२०मध्ये जहाजाने न्यू ऑर्लिन्स. त्याच वर्षी जूनमध्ये त्रियानोंचा तह झाला होता आणि लुगोश गाव रीतसर रुमानियाच्या नकाशात गेलं होतं. रुमानियन लोक त्याला लुगोझ म्हणतात. म्हणजे बेला अमेरिकेच्या धक्क्यावर उतरला तेव्हा त्याच्या आडनावातलं गाव हंगेरीत उरलेलं नव्हतं.

आडनावाचं उरलेलं काम अमेरिकेने तमाम केलं. हंगेरियन लिपीत ‘एस’ म्हणजे श. इंग्रजी वाचणाऱ्याला ते कुठून ठाऊक? लुगोशीचा लुगोसी झाला, जसा बुडापेश्टचा बुडापेस्ट. इंग्रजीच्या चष्म्यातून वाचत आलेले आपणही तेच लिहितो. देवनागरीत श असताना हे करणं मला निव्वळ आळस वाटतो.

१९२२मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्याला पहिली मोठी इंग्रजी भूमिका मिळाली. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्याने संवाद ध्वनी म्हणून पाठ केले. निव्वळ घोकंपट्टी. ५ ऑक्टोबर १९२७ला ब्रॉडवेवर त्याचं ‘ड्रॅक्युला’ नाटक लागलं आणि २६१ प्रयोग झाले. १९३१मध्ये टॉड ब्राउनिंगने त्या नाटकाचा चित्रपट केला. लुगोशीला आठवड्याला ५०० डॉलर मिळाले, सात आठवडे.

आता दुसरं नाव बघा, ड्रॅक्युला. १४३१ साली हंगेरीचाच राजा झिगमोंद याने आजच्या रुमानियातल्या वलाखियाच्या व्लाद नावाच्या सरदाराला ‘ड्रॅगन’ संघात घेतलं. लॅटिन ‘द्राको’ म्हणजे सर्पराक्षस. रुमानियनमध्ये त्याचं ‘द्राक’ झालं, आणि त्या भाषेची मजा अशी, की इंग्रजीत नामाआधी येणारं ‘द’ तिथे नामाच्या शेपटाला लागतं. द्राक अधिक उल, द्राकुल. त्याचा मुलगा, कुप्रसिद्ध व्लाद, तो द्राकुल्या. आजच्या रुमानियनमध्ये ‘द्राक’चा अर्थ सैतान असा होतो. म्हणजे बापाचा किताब बदनाम व्हायला मुलाच्या करणीइतकाच शब्दाचा बदललेला अर्थही जबाबदार. योगायोग असा, की १४४७मध्ये या बापाचा काटा निघाला तो हंगेरियन सेनानी हुन्यादीच्या स्वारीत. पुन्हा तोच ‘ई’. ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरला हे नाव १८९०मध्ये व्हिटबीच्या वाचनालयात, विल्यम विल्किन्सनच्या पुस्तकाच्या तळटीपेत सापडलं. त्याआधी त्याच्या टिपणांत सरदाराचं नाव होतं ‘काउंट वाम्पिर’. ते राहिलं असतं तर बिचारा लुगोशी कदाचित सुटला असता.

‘वाम्पिर’ हा सर्बियाकडचा शब्द. १७२५ आणि १७३२ साली सर्बियातल्या खेड्यांत मेलेले उठून छळतात अशा ओरडीवरून ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी थडगी उकरून अहवाल लिहिले आणि ते युरोपभर गाजले. मग १८७०मध्ये रिचर्ड बर्टनने आपल्या वेताळ पंचविशीच्या कथा इंग्रजीत आणताना वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. कोकण-गोव्यातल्या ग्रामदैवतावर आणि पुण्यात टेकडी अडवून बसलेल्या देवावर हा अन्याय आहे. आपला वेताळ प्रेतात शिरतो, कोडी घालतो, पण रक्त पिण्याशी त्याला देणंघेणं नाही. स्टोकर बर्टनला भेटला होता आणि बोलताना बर्टनच्या ओठाखालून दिसणाऱ्या लांब सुळ्याचं वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे.

गंमत म्हणजे १९३१च्या चित्रपटात लुगोशीचा सुळा एकदाही दिसत नाही. भय होतं ते डोळ्यांत (त्यांवर प्रकाशाच्या बारीक शलाका टाकल्या होत्या), बोटांत आणि बोलण्यात. हंगेरियनमध्ये प्रत्येक शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो आणि इंग्रजी डब्ल्यूचा ओठ गोल करायचा ध्वनी तिथे नाही. आपल्यासारखाच एका ‘व’वर संसार चालतो. त्या जिभेने, थांबून थांबून, इंग्रजी वाक्य उच्चारलं की अंगावर काटा येई. झग्याची ती ताठ उभी कॉलरही रंगभूमीच्या गरजेतून आली. सरदार सगळ्यांदेखत अदृश्य व्हायचा असे. नट पाठ फिरवून चोरदरवाज्यातून सटके तेव्हा त्याचं डोकं झाकायला कॉलर उंच हवी.

हे उच्चार, ही कॉलर मग त्याला सोडेनात. ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस त्याच्याऐवजी बोरिस कार्लोफने केला. कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. हा लंडनचा इंग्रज, वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या मीठ महसूल खात्यात. त्याने रशियन वाटणारं नाव उसनं घेतलं आणि तरी तऱ्हेतऱ्हेच्या भूमिका केल्या. ज्याचं परकेपण अस्सल होतं, तो एका भूमिकेत अडकला. १९३९च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधला मोडक्या मानेचा इगोर पाहिला तर हा किती मोठा नट होता ते कळतं. पण कामं कमी होत गेली, दुखण्यावरच्या मॉर्फिनचं व्यसन लागलं, आणि १९५५मध्ये तो आपणहून उपचारासाठी इस्पितळात दाखल झाला. पूर्ण लांबीच्या चित्रपटात त्याने ड्रॅक्युला दोनदाच केला, १९३१ला आणि १९४८च्या एका विनोदी चित्रपटात. तरी १९५६मध्ये त्याला पुरलं ते ड्रॅक्युलाच्या झग्यात.

खेळण्यांवर, टी-शर्टांवर त्याचा चेहरा छापायचे परवाने ‘ड्रॅक्युला’ काढणारा स्टुडिओ देत राहिला. मुलाने आणि विधवेने दावा लावला. मुलाचं नावही बेला, व्यवसाय वकिलीचा. १९७९मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आपल्या नावा-चेहऱ्यावरचा असा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. त्यावर ओरड झाली आणि विधिमंडळाने कायदाच केला. १९८५पासून तिथे वारसांना हा हक्क मिळतो. मेलेल्या माणसाच्या ज्या गोष्टी परवानगीवाचून विकता येत नाहीत, त्यांची त्या कायद्यातली यादी अशी आहे : नाव, आवाज, सही, छायाचित्र, रूपसाम्य.