फुलपाखरं बघायची आहेत? कालव्याच्या वरच्या अंगाला या!



फुलपाखरं बघायला कुठं जायचं, असं आपल्याकडं विचारलं तर उत्तर ठरलेलं. एखाद्या बागेत, नाहीतर थेट घाटात. २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू जाहीर केलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पण निवडलं ते नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन. ते दाट झाडीचं, पावसाळी मुलखाचं. म्हणून आपला समज झाला की बारामती-इंदापुरात ऊस, कारखाने आणि उजाड माळ, इथं कसली फुलपाखरं!

हा समज चुकीचा का, हे कळायला दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, कर्जाची कागदपत्रं जाळली. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ. त्या काळातच नीरा डाव्या कालव्याचा विचार पुढं आला आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं. याच १८८५ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात कर्नल चार्ल्स स्विन्हो या लष्करी अधिकाऱ्याचा मुंबई आणि दख्खनमधल्या फुलपाखरांवर, पतंगांवर लेख छापून आला. हा माणूस बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या १८८३ मधल्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे दख्खनच्या कोरड्या मुलखातली फुलपाखरं नोंदण्याजोगी आहेत हे तेव्हाच लोकांना कळलं होतं.

कालव्यानं आपल्या तालुक्यांचे दोन भाग केले. खाली नीरेकडं बागायत, वर जिरायत. बागायतीत ऊस आला, पुढं वालचंदनगर उभं राहिलं, सहकारी कारखाने आले. पोरं शिकली, घरं झाली. कालवा नसता तर आपण कुठं असतो, हे सांगायला नको. पण उसाच्या सलग फडात फुलपाखरांना फारसं काही मिळत नाही. कारण फूल हे त्यांचं अर्धंच गणित आहे. मध कुठल्याही फुलावरचा चालतो, अंडी मात्र ठरलेल्याच झाडावर घालायची, कारण अळी ठरलेलाच पाला खाते. झाड गेलं की फुलपाखरू गेलं.

आणि ही झाडं कोणती? आपण ज्यांना काटेरी, निरुपयोगी म्हणतो तीच! रुईवर प्लेन टायगर वाढतं, केशरी पंखांचं. रुईच्या चिकामुळं ते कडू होतं, पक्षी नादाला लागत नाहीत. बोराटीवर काळ्या ठिपक्यांचं पांढरं कॉमन पिएरो. तरवड-टाकळ्यावर पिवळी ग्रास यलो. आषाढी एकादशीचा उपास सोडताना आपण जिची भाजी करतो त्या वाघाटीवर पायोनियर. घोळाच्या भाजीवर डॅनेड एगफ्लाय, हिची मादी हुबेहूब प्लेन टायगरचं सोंग घेते आणि पक्ष्यांना फसवते. आणि गवतात, गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसणार नाही असं नखाएवढं ग्रास ज्वेल. देशातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक, आपल्या माळावर!

म्हणून जागा शोधायची तर जिरायतीत शोधा. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटर. लोक तिथं चिंकारा बघायला जातात, फुलपाखरं कुणी बघत नाही. शिर्सुफळ आणि इंदापुरातलं कडबनवाडी इथली गवताळ माळरानं आता सफारीमुळं माहीत झालीत. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक बघायला जाल तेव्हा काठची ओली माती पण बघा, नर फुलपाखरं क्षार शोषायला तिथं बसतात. आणि लांब जायचं नसेल तर गावचा ओढा, गायरान, जुना बांध. ऑगस्ट ते नोव्हेंबर, सकाळी नऊ-दहाला, ऊन अंगावर आल्यावर. पकडायचं नाही. काही जातींना वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे.

डाळिंबवाले शेतकरी म्हणतील, फुलपाखरांचं कौतुक आम्हाला सांगू नका. बरोबर आहे. फळ पोखरणारी अळी ही फुलपाखराचीच, आणि तिनं बागेचं वाटोळं होतं. तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. पण त्या एकीसाठी ओढ्याकाठची वाघाटी आणि बांधावरची रुई तणनाशकानं जाळायचं कारण नाही. त्या झाडांवर ही अळी वाढत नाही.

आता मुद्द्याचं. सरकारी भाषेत माळ म्हणजे पडीक जमीन. म्हणून तिथं खड्डे काढून झाडं लावली जातात, मुरूम उपसला जातो, एखादा प्रकल्प बसवला जातो. पालखी मार्ग रुंद झाला, कडेची जुनी झाडं गेली. जनाई-शिरसाईचं पाणी जिरायतीत आलं, अजून यावं, पिढ्यान्‌पिढ्या वाट बघितलेल्या माणसाला त्यावर बोलायचा अधिकार कुणालाच नाही. पण पाणी शेताला हवंय. ओढ्याची कड नि गायरानाचा तुकडा बुलडोझरखाली जायलाच हवा, असं काही नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. येत्या ग्रामसभेत ती मागा. उघडून बघा आपल्या माळाबद्दल काय लिहिलंय. फुलपाखरांचं पान कोरं असेल तर शाळेतल्या पोरांना आणि सगळ्या झाडांची नावं ठाऊक असलेल्या एखाद्या मेंढपाळाला सोबत घ्या, आणि लिहा. कुठल्या ओढ्यावर, कुठल्या महिन्यात, कुठल्या झाडावर.

कागदावर जे नाही ते पडीक, असा आपल्याकडचा कारभार आहे. तेव्हा कागदावर आणा.