तीस सेंटिमीटरची नळी

हवामानबदलावर वाद घालताना एक मुद्दा हमखास येतो. हवेत आधीच एवढा कार्बन डायॉक्साइड आहे की त्याला शोषता येणारी सगळी उष्णता तो केव्हाच शोषून बसलाय. मग आणखी थोडा सोडला तर काय फरक पडतो?

प्रश्न मूर्खपणाचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका पट्टीच्या शास्त्रज्ञाने तो प्रयोग करून मांडला होता आणि पुढची पन्नासेक वर्षं भल्याभल्यांना त्यात दम वाटला.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात. १८५६मध्ये अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. सगळ्यात जास्त तापला तो कार्बन डायॉक्साइड. मग लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी मोजून दाखवलं की नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेचे किरण जवळपास सगळे जाऊ देतात. बाष्प आणि कार्बन डायॉक्साइड मात्र अडवतात. १८९६मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी हाताने आकडेमोड केली : हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी ५-६ अंशांनी तापेल.

१९००मध्ये त्यांच्याच देशातल्या क्नुत ऑंगस्ट्रॉम यांनी यावर आक्षेप घेतला. त्यांच्या सहायकाने ३० सेंटिमीटरच्या नळीत कार्बन डायॉक्साइड भरून त्यातून उष्णतेचे किरण सोडले. मग वायू एक तृतीयांश कमी केला. शोषणात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे वायूची कमाल आधीच गाठली गेली होती. विषय संपला!

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. टेस्ट पास झाली, पण तपासली भलतीच गोष्ट.

कारण वातावरण म्हणजे एक नळी नव्हे. एकावर एक घातलेल्या गोधड्या समजा. जमिनीतून निघालेली उष्णता खालचा थर शोषतो, तापतो आणि स्वतःही वर-खाली किरण सोडतो. ते वरचा थर शोषतो. असं मजल्या-मजल्याने चालतं. अखेर एका उंचीवर हवा इतकी विरळ होते की किरण थेट अवकाशात निसटतात. पृथ्वीची उष्णता या शेवटच्या मजल्यावरून बाहेर पडते. वायू वाढला की हा मजला वर सरकतो. वर हवा थंड असते, आणि थंड वस्तू कमी उष्णता सोडते. सूर्याकडून येणारी आवक तेवढीच, जावक मात्र घटली. हिशोब पुन्हा जुळेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. खालच्या गोधडीतून वारा शिरत नसला, तरी वर आणखी एक घातली की ऊब वाढतेच.

गंमत म्हणजे निल्स एकहोल्म या स्वीडिश हवामानशास्त्रज्ञाने १९०१मध्येच हे लिहिलं होतं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९३८मध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या इंजिनियरने तापमानाच्या नोंदी गोळा करून पृथ्वी तापतेय असं लंडनच्या हवामानतज्ज्ञांपुढे मांडलं, तेव्हाही त्यांना ते पटलं नाही.

कोंडी फुटली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अवरक्त किरण हवेतून कसे जातात, हे अमेरिकी लष्कराला हवं होतं. त्यातून विरळ हवेतली नेमकी मोजमापं मिळाली आणि १९५६मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी कॉम्प्युटरवर थराथराचं गणित मांडलं. वायू वाढला की तापमान वाढतंच. १९६७मध्ये मानाबे आणि वेदराल्ड यांच्या मॉडेलने आणखी एक भाकीत केलं : खालची हवा तापेल, पण वरचं स्थितांबर थंड होईल. सूर्यच जास्त तापला असता तर दोन्ही तापले असते. पुढे मोजलं तेव्हा स्थितांबर खरोखरच थंड होत होतं. १९७० आणि १९९७मधल्या उपग्रहांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर कार्बन डायॉक्साइडच्या पट्ट्यात अवकाशात जाणारी उष्णता घटलेली दिसली. मानाबेंना २०२१मध्ये नोबेल मिळालं.

ऑंगस्ट्रॉम यांच्या काळात हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायॉक्साइडचे सुमारे ३०० होते. आज ४२०हून जास्त आहेत. नळीतल्या प्रयोगाचं उत्तर सापडेपर्यंत तो आकडा कुणासाठी थांबला नव्हता.