रूप घेणे, रूप उतरवणे

'बाल्डर्स गेट' (१९९८) या अद्भुतरम्य संगणकीय भूमिकाखेळात खेळाडूला पात्राचे चित्र व रंग निवडता येत. 'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) चेहऱ्याची ठेवणही घडवता येऊ लागली. हा इतिहास सामान्यतः निवडीच्या विस्ताराचा मानला जातो. मराठवाड्यातील लोकपरंपरांच्या संदर्भात पाहिल्यास त्यातून निसटलेला एक प्रश्न पुढे येतो : घेतलेले रूप उतरवण्याचा अधिकार कोणाला?

पैठणच्या एकनाथांच्या भारुडांत सोंग घेणारा जोशी होतो, वासुदेव होतो. प्रयोग संपताच सोंग उतरते. नांदेड-लातूरकडे दारी येणाऱ्या बहुरूप्याचेही तसेच. परंतु माळेगावच्या (ता. लोहा) खंडोबाला नवसाने वाहिलेली मुरळी किंवा मरीआईचा पोतराज यांचे रूप हे सोंग नव्हे. पोतराजाचे वाढवलेले केस, कमरेचे आभरान आणि हातातील कोरडा यांची निवड त्याने केलेली नसते. ती जात व नवस यांनी आधीच केलेली असते. पार्थ पोळके यांच्या आत्मकथनाला 'आभरान' हेच शीर्षक असणे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आंबेडकरी चळवळीच्या प्रभावाखाली पोतराजाने केस कापणे ही म्हणूनच केवळ वेषबदलाची नव्हे, तर मुक्तीची कृती ठरली.

तेव्हा रूपनिवडीची समीक्षा पर्यायांच्या संख्येपाशी थांबू शकत नाही. नकाराची शक्यताही तिला तपासावी लागेल.