सनापुढचे एक अक्षर

आपल्या पणजोबांच्या वडिलांचे नाव किती जणांना ठाऊक असते? वर्गात हा प्रश्न विचारला, तर फार थोडे हात वर होतात. युरोप-अमेरिकेत असा शोध घेणारा माणूस प्रथम दफनभूमीकडे वळतो. थडग्यावर नाव आणि जन्ममृत्यूची वर्षे कोरलेली असतात. आता या नोंदी घरबसल्या पाहता येतात. 'फाइंड अ ग्रेव्ह' हे संकेतस्थळ १९९५ मध्ये सुरू झाले. महायुद्धांत मरण पावलेल्या सैनिकांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने १९९८ मध्ये सर्वांसाठी खुली केली. पुण्यातील खडकीच्या युद्धस्मशानातील नावेही तीत सापडतात.

परंड्याच्या कुटुंबाला याचा उपयोग किती? आपल्याकडे बहुसंख्य हिंदूंमध्ये दहनाची चाल आहे. मुसलमान, लिंगायत, गोसावी यांच्यात दफन होते. पण सामान्य माणसाच्या मातीच्या कबरीवर लेख क्वचितच असतो. म्हणून येथे दगडाचे काम कागदाने केले आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव आणि नातलगांची नावे मिळतात. गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या आणि खासरा पत्रके हे दुसरे साधन.

ही कागदपत्रे वाचताना परंड्याचा इतिहास आडवा येतो. अहमदनगर पडल्यावर १६०० मध्ये मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला याच परंड्यात गादीवर बसवले. पुढे येथे आदिलशाही आली, मोगल आले आणि १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाचे राज्य राहिले. साहजिकच जुन्या नोंदी कधी मोडीत, कधी उर्दूत आहेत. आणि सालेही एका पद्धतीची नाहीत.

एक उदाहरण घेऊ. समजा, संगणकावरील एका सूचीत पूर्वजाच्या नावापुढे मृत्यूचे साल म्हणून नुसते '१३१०' लिहिले आहे. हे हिजरी असेल तर इसवी सन १८९२-९३. फसली असेल तर १९००-०१. फरक आठ वर्षांचा! तो कोठून आला? फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. ते ऋतूंशी जुळत नाही आणि शेतसारा तर पिकावर घ्यायचा. म्हणून शहाजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास, दख्खनमध्ये हिजरीचाच आकडा घेऊन सौर वर्षाची फसली गणना सुरू झाली. तेव्हापासून हिजरी दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी पुढे सरकते आहे. १६३६ ते १९०० ही २६४ वर्षे. २६४ गुणिले ११ म्हणजे २९०४ दिवस, म्हणजेच जवळजवळ आठ वर्षे.

आता समजा, त्या पूर्वजाचा धाकटा मुलगा शाळेच्या दाखल्याप्रमाणे १८९७ मध्ये जन्मला. साल हिजरी मानले, तर मुलगा बापाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी जन्मला असे होते! शोधणारा म्हणेल, 'हा आपला माणूस नव्हे', आणि वंशावळीची एक फांदी तुटेल. फसली मानले, तर सारे जुळते. मूळ उर्दू नोंदीत सनापुढे हिजरीसाठी 'हे' किंवा फसलीसाठी 'फे' हे अक्षर असू शकते. सूची करणाऱ्याने ते गाळले, तर सारा घोटाळा होतो. पण जुळले म्हणून सिद्ध झाले असेही नाही. दाखल्यावरची जन्मतारीखही पुष्कळदा अंदाजाने घातलेली असते. एकमेकींवरून न उतरवलेल्या दोन नोंदी जुळल्या, तरच विधान भक्कम.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची निकड एकदम जाणवली. जुन्या वहीतील एका ओळीवर आज कुणाचा दाखला अवलंबून असतो.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून चार पिढ्यांची नावे लिहावीत. आज्या-पणज्यांची नावे विसरू नयेत. गावातील एखाद्या कबरीवर किंवा समाधीवर लेख असेल, तर संबंधितांची परवानगी घेऊन तो जसाच्या तसा उतरवावा. वहीत दोन रकाने आखावेत: एकात मूळ साल त्याच्या अक्षरासह, दुसऱ्यात आपण काढलेला इसवी सन. फसलीत ५९० मिळवले की वर्षारंभीचा इसवी सन येतो. आपले गणित चुकले, तरी पहिला रकाना शाबूत असेल आणि पुढचा वाचक ते दुरुस्त करू शकेल.