रायगड, आणि एक जुनं खोटं



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दिवाळी आली, मग नातवंडं आली. आणि मग जे झालं त्यासाठीच आजचा हा लेख. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, २०२५च्या डिसेंबरात, मी रायगड पाहिला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? रोज हजारो लोक जातात. खरं आहे. पण यात माझी एक कबुली आहे, म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो.

माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले. वस्तानियापर्यंत, म्हणजे आजच्या भाषेत मिडल स्कूलपर्यंत, आणि तेही उर्दूतून. शिवाजी महाराज त्यांना शाळेत नाही, कीर्तनात आणि पोवाड्यात भेटले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली, १ नोव्हेंबर १९५६ला आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर कुठल्याशा दुकानाच्या कॅलेंडरवर रायगडाचं चित्र आलं होतं. वर्ष संपलं तरी वडिलांनी ते चित्र कापून देवळीशेजारी चिकटवलं. खाली तारखा गेलेल्या, वर गड शाबूत. "एकदा जायचं बाप्पा तिथं," असं म्हणायचे. गेले नाहीत. नांदेडपासून पाचशे किलोमीटरांहून जास्त लांब, हातात पैसा नाही, पाठीमागे सहा लेकरं.

मी मास्तर झालो. चौथीच्या वर्गाला इतिहास शिकवायचो. शिवछत्रपतींचं ते पुस्तक १९७० साली आलं, आणि मी नोकरीला लागलो १९७३ला. म्हणजे माझी सगळी नोकरी त्याच पुस्तकावर झाली म्हणा ना. राज्याभिषेकाचा धडा आला की मी फळ्यावर रायगड काढायचो. महादरवाजा, गंगासागर, बाजारपेठ, हिरकणीचा बुरूज, टकमक टोक. हात असा बसला होता की डोळे मिटून काढला असता.

१९७८ची गोष्ट. पहिल्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुर्जी, तुमी बघितलाव का रायगड?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "हो. बघितलाय की."

झालं. तोंडातून गेलं ते गेलं. पुढे दरवर्षी ते खोटं वाढत गेलं. वाऱ्यानं टोपी कशी उडाली, पायऱ्या चढताना दम कसा लागला, आणि संध्याकाळी मावळतीचं ऊन सिंहासनाच्या जागेवर समोरून कसं पडतं, हे सगळं मी रंगवून सांगायचो. २००९ला निवृत्त झालो तेव्हा हिशेब केला, छत्तीस वर्षांत मी न पाहिलेला गड दीड-दोन हजार लेकरांना दाखवला होता.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. टीव्हीवर रायगड दिसला आणि सौ. म्हणाली, "अहो, आता तरी जाऊन या. की तिथंही खोटंच जाणार?" (तिला सगळं माहीत आहे.)

मुलगा पुण्याला असतो. त्याच्या गाडीतून ताम्हिणी घाटाने निघालो. वाटेत पाटी दिसली, निजामपूर! मी मनात म्हटलं, वडिलांच्या वेळेपासून हा निजाम काही पाठ सोडत नाही. गंमत म्हणजे टकमक टोकाच्या खालच्या गावाचं नावही छत्री निजामपूरच आहे. गाडीतच नातीला माझी सगळी चोरी सांगून टाकली. ती नववीत आहे. खूप हसली.

आधी पाचाडला थांबलो. जिजाऊंची समाधी तिथे आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४चा आणि आऊसाहेब गेल्या १७ जूनला. अवघे अकरा दिवस. मुलाचं छत्र डोळ्यांनी पाहिलं आणि गेल्या. ही तारीख मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिली असेल, पण त्या दगडांपाशी उभं राहिल्यावर पहिल्यांदा घशात अडकली.

गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे रोपवेने गेलो. हा रोपवे १९९६ला सुरू झाला. जिथे चढायला तरण्याताठ्यांना दीड-दोन तास लागतात तिथे चार-पाच मिनिटांत वर. जरा लाज वाटली. पण पाळण्यातून खालचा सरळ तुटलेला कडा बघितला आणि कळलं की महाराजांनी राजधानीला हाच डोंगर का निवडला. १६५६ला जावळीच्या मोऱ्यांकडून हा गड घेतला तेव्हा त्याचं नाव रायरी होतं. हिरोजी इंदुलकरांनी त्याची राजधानी केली. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर त्यांचं नाव कोरलंय, सेवेला तत्पर म्हणून. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर हिरोजींनी एवढंच मागितलं, अशी आख्यायिका आहे. सगळी राजधानी बांधली आणि नाव पायरीवर. मी त्या पायरीपाशी बराच वेळ बसलो.

वर फार काही शिल्लक नाही हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. १६८९ला मोगलांनी गड घेतला. पुढे मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आणि आगीत वाडे जळून गेले. मग विस्मरणाचा काळ. समाधीवर झाडझाडोरा माजला. १८६९ मध्ये जोतिराव फुल्यांनी महाराजांवर पोवाडा लिहिला, १८९५ला टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी फंड उभा केला, तेव्हा कुठे लोक पुन्हा इकडे बघायला लागले. म्हणजे मधली पाऊणशे वर्षं आपण विसरलो होतो. आपली माणसं किती लवकर विसरतात!

आणि आपला मराठवाडा? मला नेहमी वाटायचं, रायगड हा कोकणातल्या-देशावरच्या लोकांचा, आपण आपले लांबचे नातेवाईक. पण तिथे उभं राहून आठवत गेलो. भोसल्यांचं घराणं वेरूळचं. मालोजीराजांनी घृष्णेश्वराचं देऊळ दुरुस्त केलं. राज्याभिषेकाला काशीहून आलेले गागाभट्ट मूळच्या पैठणच्या घराण्यातले. आणि अभिषेकाच्या पाण्यात आपली गोदावरी होती. वडिलांना हे सांगायला हवं होतं. पाहुणे नव्हतो आपण तिथे.

राजसभेत सकाळी गर्दी नव्हती. २२० फूट लांब, १२४ फूट रुंद. सभासदाच्या बखरीत बत्तीस मण सोन्याचं सिंहासन म्हटलंय, त्या जागी आता मेघडंबरी आणि महाराजांची मूर्ती आहे. समोर नगारखाना. राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाने दाराशी हत्ती बघितले आणि एवढ्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं. पोरंही मला हेच विचारायची.

नगारखान्यापाशी हळू बोललेलं सिंहासनापाशी ऐकू येतं म्हणतात. मी नातीला तिकडे पाठवलं आणि इकडे कान देऊन उभा राहिलो. तिने मोबाईल बघितला, काहीतरी पुटपुटली, आणि खरोखर शब्दन् शब्द माझ्यापर्यंत आला.

"आजोबा, सिंहासनाचं तोंड पूर्वेकडे आहे."

मी मटकन खाली बसलो. मावळतीचं ऊन समोरून पडायचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं मी सूर्य उलटा फिरवला होता!

घरी आल्यावर त्या १९७८च्या पोराचा नंबर शोधला. तो आता देगलूरला दुकान चालवतो, स्वतः आजोबा झालाय. सगळं सांगितलं, माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "गुर्जी, मला ठाव हाय. धा वर्सांमागं लेकरांना घेऊन गेलतो मी. ऊन पाठीमागून यायलं होतं. पर तुमाला कसं सांगायचं?"

मग म्हणाला, "तुमी सांगितलं नसतंव तर आमी गेलोच नसतो की."

यावर काय बोलावं कळेना. फोन ठेवला आणि कपाटातली ट्रंक काढली. वडिलांचं ते चित्र अजून आहे, कडा झिजल्यात, रंग उडालाय. त्याच्या मागे तारीख लिहिली, १४ डिसेंबर २०२५, आणि खाली लिहिलं : पाहिला.

असो. जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर वहीत दुरुस्ती करून घ्या. सिंहासन पूर्वाभिमुख आहे.