एका फणसाची दोन वाद्ये

फेंडर आणि गिब्सन या दोन अमेरिकन कारखान्यांच्या विद्युत्-गिटारींमध्ये नादाचा आणि हाताला जाणवणाऱ्या स्पर्शाचा जो भेद आहे, त्याची मीमांसा करण्यात आजची तरुण मंडळी रात्रीच्या रात्री घालवतात. आणि दोन्ही वाद्यांना सहाच तारा, दोन्हींचे अंग भरीव, दोन्हींचा ध्वनी तारांखालच्या चुंबकांतूनच निघणारा असे असता एकीचा सूर धारदार आणि दुसरीचा भरदार का, या प्रश्नावर त्यांच्यात जे पक्ष पडतात, ते पाहून तर्कशास्त्राच्या जुन्या पाठशाळेचे स्मरण व्हावे. कोणी लाकडाचा पक्ष घेतो, कोणी चुंबकावरील वेटोळ्याचा. कोणी तारेच्या लांबीकडे बोट दाखवतो, कारण फेंडरची तार साडेपंचवीस इंच आणि गिब्सनची पाऊण इंचाने आखूड असल्यामुळे एकाच सुराला आखूड तारेवरचा ताण कमी राहतो आणि ती बोटाला मऊ लागते. हा वाद नवा आहे असे या मंडळींना वाटते. वस्तुतः सारख्या दिसणाऱ्या वाद्यांच्या नादाची तुलना करण्याचा व्यासंग कावेरीच्या काठी निदान साडेतीनशे वर्षे चालू आहे, आणि त्याच्या उत्तरार्धात मराठी बोलणाऱ्या माणसांचा हात बराच खोलवर गेलेला आहे.

या व्यासंगाचा टापू मेलकावेरीच्या आसपासचा. मेलकावेरी ही कुंभकोणम् नगराची कावेरीकाठची वस्ती. दक्षिणेकडील गवई आणि वादक आपल्या नावाआधी आपल्या गावाचे नाव लावतात, आणि त्या रिवाजाने मेलकावेरीचे नावही मैफलींच्या पत्रिकांवर आढळते. परंतु या जागेचे खरे महत्त्व तिच्या शेजारात आहे. येथून निघालेल्या बैलगाडीला पूर्वी अर्ध्या दिवसाच्या आत एका बाजूला धातुमूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचे स्वामीमलै, दुसऱ्या बाजूला तंजावरच्या भोसले राजांच्या एका शाखेचा मुक्काम असलेले तिरुविडैमरुदूर, आणि त्याच्या पलीकडे नादस्वर घडवणाऱ्या आचारींचे नरसिंगमपेट्टै गाठता येत असे. तंजावरची राजधानी पंचवीस मैलांवर. या एवढ्याशा टापूत तंतुवाद्य, सुषिरवाद्य आणि कंठ या तिन्हींचे जाणकार एकमेकांचे ऐकत राहिले, म्हणून येथे तुलना हा लोकांच्या कानाचा स्वभावच होऊन बसला.

या व्यासंगाची पहिली लेखी साक्ष नायकांच्या काळातली आहे. तंजावरचा रघुनाथ नायक सतराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत राज्य करीत होता, आणि त्याचे प्रधान गोविंद दीक्षित हे वेदांती, कारभारी आणि संगीतज्ञ असे तिन्ही एकाच देहात होते. कुंभकोणम्‌च्या महामहम् तलावाभोवतीचे सोळा मंडप त्यांनीच उभारले, असे मानले जाते, आणि बारा वर्षांनी तेथे स्नानाला जमणाऱ्या लक्षावधी यात्रेकरूंपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते की वीणेच्या इतिहासातही या पुरुषाचे नाव तितकेच ठळक आहे. त्यांचे पुत्र वेंकटमखी यांनी ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ या ग्रंथात वीणांचे जे वर्गीकरण केले, त्यात रघुनाथाच्या नावाची एक वीणा येते, आणि त्याहून महत्त्वाचा असा एक भेद येतो: एकरागमेल आणि सर्वरागमेल. पहिल्या प्रकारात राग बदलला की पडदे सरकवून पुन्हा बसवावे लागत. दुसऱ्यात प्रत्येक सप्तकाला बारा या हिशेबाने सगळे पडदे कायमचे बसवलेले असत, आणि वादकाला जो राग हवा तो त्याच पडद्यांतून काढता येई. आज तंजावरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वीणेचे चोवीस पडदे हे या दुसऱ्या विचाराचे फळ होय. सोय झाली, यात शंका नाही. बहात्तर मेळांची ती सुप्रसिद्ध मांडणीदेखील स्थिर पडद्यांची वीणा डोळ्यांपुढे असल्याखेरीज सुचली असती असे मला वाटत नाही. मात्र सूर ज्या क्षणी पडद्याच्या जागी कायमचा बसला, त्याच क्षणी दोन पडद्यांमधली जागा ही वादकाच्या बोटाची खासगी जहागीर झाली, आणि पुढचा सारा इतिहास या जहागिरीच्या वहिवाटीचा आहे.

ही वीणा फणसाच्या लाकडाची करतात. एकाच ओंडक्यातून घट, दांडी आणि तिच्या टोकाचे व्याळमुख, म्हणजे काल्पनिक पशूचे मुख, कोरून काढले तर तिला एकांड वीणा म्हणतात. तिन्ही भाग वेगळे घडवून सांधले तर ती ओट्टु वीणा. एकांड वीणेला अधिक मान आणि अर्थातच अधिक दाम मिळतो, आणि सांध्यावर नाद अडतो असे तिच्या पक्षाचे लोक सांगतात. या मतात श्रद्धेचा अंश बराच असावा अशी माझी समजूत आहे, कारण दोन वीणांच्या नादातले भेद अनेकदा त्याहून साध्या जागी सापडतात. पितळी पडदे ज्या काळ्या मेणावर बसवलेले असतात, ते मधमाशीचे मेण आणि कोळशाची पूड यांचे मिश्रण असते; तंजावरच्या उन्हाळ्यात ते नरमते, पडदे खचतात, आणि काही वर्षांनी ते सारे उकरून जाणत्या कारागिराकडून नव्याने सुरात बसवून घ्यावे लागतात. घोडीवरच्या धातूच्या पट्टीची अगदी बारीक गोलाई तार किती झणझणेल हे ठरवते. आमच्या मिरजेत, शस्त्रे घासणारी शिकलगारांची घराणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सतार-तंबोऱ्यांकडे वळली तेव्हापासून, जिला जवारी लावणे म्हणतात, तीच ही विद्या. तंबोरा विकत घेणारा मराठी माणूस भोपळ्याचा घेर पाहून हुरळतो आणि जवारी मात्र दुकानदारावर सोपवतो. तंजावरकडेही ओंडका पाहणारे पुष्कळ आणि मेणाकडे पाहणारे थोडे, असाच प्रकार आहे.

मराठ्यांकडे तंजावरचे राज्य 1676 च्या सुमारास आले आणि 1855 साली ते खालसा झाले. या काळातील भोसल्यांचे संगीतप्रेम हा ज्ञात विषय आहे: तुळजाजी राजांचा ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ, दुसऱ्या सरफोजींच्या दरबारात आलेले युरोपीय वाद्यमेळ आणि व्हायोलिन, दप्तरातले मोडी कागद, हे सर्व पुनःपुन्हा सांगितले जाते. त्या मानाने तिरुविडैमरुदूरची हकीकत कमी ऐकू येते. 1798 मध्ये इंग्रजांनी अमरसिंहास गादीवरून दूर करून सरफोजींना बसवले, तेव्हा अमरसिंहास निवृत्तिवेतन मिळून तो तिरुविडैमरुदूरला येऊन राहिला आणि 1802 मध्ये वारला. गादी गेली, तरी गाणे गेले नाही. त्या धाकट्या दरबारात घनम् कृष्णय्यर गात होते. ‘नंदनचरित्र’ रचणारे गोपालकृष्ण भारती यांनी हिंदुस्थानी संगीताचे पाठ रामदास नावाच्या गवयाकडून तेथेच घेतले. म्हणजे तमिळ मुलखाच्या मध्यभागी उत्तरेकडील मींड आणि दक्षिणेकडील गमक ही दोन्ही एकाच ओसरीवर ऐकू येत होती, आणि या दोहोंना सारखेच मानवेल अशा वाद्याची गरज तेथे उत्पन्न व्हावी, हे स्वाभाविकच होते.

ते वाद्य गोट्टुवाद्य. परंपरा असे सांगते की श्रीनिवासराव नावाच्या मराठी वादकाने तारेवर गुळगुळीत दांडा फिरवून सूर काढण्याची पद्धत येथे पुन्हा चालू केली, आणि त्यांचे पुत्र तिरुविडैमरुदूरचे सखारामराव यांनी या वाद्याला मैफलीत स्थान मिळवून दिले. बाह्यतः ही वीणाच आहे: तसाच फणसाचा घट, तशीच दांडी, तसाच व्याळ. परंतु तिला पडदेच नाहीत. ती जमिनीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तार छेडायची, आणि डाव्या हातातला आबनुसासारख्या जड लाकडाचा दांडा तारांवरून सरकवायचा. मुख्य तारांच्या खाली अनुनादाच्या बारीक तारा असतात, त्या आपोआप निनादतात.

आता या दोन वाद्यांतील भेद कोठे आहे, हे नीट पाहण्याजोगे आहे, कारण लाकडाचा पक्ष येथे पुरता निरुत्तर होतो. वीणेवर षड्जावरून ऋषभावर जायचे झाले तर वादक पडद्यावरची तार बोटाने आडवी ओढतो. तारेची लांबी तीच राहते आणि ताण वाढतो, त्यामुळे सूर चढत जाताना त्याचा नाद किंचित आवळत जातो, आणि बोट सैल पडताच तो पुन्हा मोकळा होतो. वीणेचे कारुण्य या आवळण्या-सोडण्यात आहे. गोट्टुवाद्यावर तेच अंतर दांडा काटतो. तेथे ताण तोच राहतो आणि लांबी बदलते, म्हणून सूर एकाच अंगाचा, न आवळता, तेलाच्या धारेसारखा वर जातो. चालावयाचे अंतर एक, पोचण्याचे स्थान एक, परंतु मार्गाचा नाद भिन्न. शिवाय पडदा नसल्यामुळे सुराची जबाबदारी संपूर्ण कानावर पडते. केसभर ढळलेला दांडा सगळ्या सभेला ऐकू जातो, आणि जलद ताना वीणेच्या मानाने येथे कितीतरी दुष्कर होतात. या कारणाने हे वाद्य वाजवणारे नेहमीच बोटांवर मोजण्याइतके राहिले. तथापि गाणाऱ्याला जे हवे ते त्यात होते, आणि याचे प्रमाण असे की सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांच्यासारखा पुढे कर्नाटक गायनाचा पितामह ठरलेला पुरुष बालपणी गळ्याचे शिक्षण घेण्यासाठी सखारामरावांकडे, म्हणजे एका वादकाकडे, राहिला. सेम्मंगुडींची पहिली मैफल 1926 साली कुंभकोणम्‌लाच झाली. पुढे मैसूर दरबारचे नारायण अय्यंगार यांनी गोट्टुवाद्य दूरवर नेले, आणि त्यांचे नातू रविकिरण यांच्या काळात ते चित्रवीणा या नावाने ओळखले जाऊ लागले. दांडाही आबनुसाचा जाऊन टेफ्लॉनचा आला.

याच्या अगदी उलट पक्षाची साक्ष नरसिंगमपेट्टैचे आचारी देतील. नादस्वरात तार नाही आणि पडदाही नाही. फुंक, पत्ती आणि नळी एवढाच संसार, तेव्हा नळीचे लाकूड आणि तिची लांबी यांना तेथे निर्णायक अधिकार आहे. हे कारागीर आच्चा झाडाचे, म्हणजे आपल्याकडील अंजनाचे, लाकूड वापरतात. तेही ताजे नव्हे, तर जुनी घरे पाडताना निघालेल्या, अनेक दशके सुकलेल्या तुळया-खांबांचे. पूर्वीचा तिमिरी नादस्वर आखूड आणि चढ्या स्वराचा असे. लांब नळीचा बारी नादस्वर खालच्या स्वराचा आणि गंभीर. तिरुवावडुदुरैचे टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै यांनी बारीला असा काही मान मिळवून दिला की तिमिरी मागे पडली. परंतु लांब नळीत शुद्ध मध्यम जागेवर बसेना, आणि तो ओठांच्या दाबाने सावरून घ्यावा लागे. येथील रंगनाथन आचारी यांनी अनेक खटपटी करून 1955 मध्ये तो दोष काढून टाकलेला बारी नादस्वर सिद्ध केला. पिळ्ळै पुढच्याच वर्षी निवर्तले, पण वाद्य राहिले, आणि आज मंगलकार्यात जे ऐकू येते ते बहुधा त्याच मापाचे असते.

विजेने या सगळ्या हिशेबात काय फेरफार केला, हे शेवटी पाहिले पाहिजे. वीणा धनम्माळ 1938 साली वारल्या, तोवर तंजावरी बाजाचा नाद इतका हळुवार असे की मद्रासेतील त्यांच्या घरच्या शुक्रवारच्या बैठकीत श्रोत्यांना श्वास आवरून बसावे लागे. त्यानंतरच्या पिढीत मोठी सभागृहे आली, वीणेच्या अंगाला ध्वनिग्राहक चिकटवला गेला, आणि एमनी शंकर शास्त्री, चिट्टी बाबू यांच्यासारख्यांनी त्या योगाने नव्या तऱ्हेचा दीर्घ, ठळक सूर साधला. जुन्या लोकांनी नाके मुरडली, त्यात तथ्य नव्हते असे नाही. नखाचा तारेवरचा बारीकसा घर्षणध्वनीही आता सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ लागला. पण नाद वाढला तरी ओढलेल्या तारेचे आवळणे तसेच राहिले आणि सरकत्या दांड्याचे मोकळेपण तसेच राहिले. अमेरिकेत विकावयास आलेली पहिली यशस्वी विद्युत्-गिटार 1932 ची; ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांड्याने वाजवायची होती, आणि तिचे अंग ओतीव ॲल्युमिनियमचे होते. त्यात लाकडाचा अंशही नव्हता. लाकडावर रात्री जागवणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी ही एक गोष्ट ध्यानी ठेवली आणि आपल्या गिटारीवर तोच सूर एकदा तार ओढून आणि एकदा दांडा सरकवून काढून पाहिला, तर श्रीनिवासरावांना जे दिसले ते त्यांनाही दिसेल.

तंजावर वीणेला 2013 साली भौगोलिक मानांकन मिळाले, नरसिंगमपेट्टैच्या नादस्वराला 2022 साली, मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना त्यानंतर. महाराष्ट्रात लिहिल्या जाणाऱ्या संगीताच्या इतिहासांत मिरजेला पाने मिळतात, सरफोजींच्या ग्रंथालयालाही मिळतात. तिरुविडैमरुदूरच्या या मराठी बापलेकांना मात्र एखादी ओळ मिळाली तर मिळते. पुढच्या आवृत्तीत ही उणीव भरून काढावी, अशी त्या ग्रंथकारांना विनंती आहे.