परदेशी शिक्षणातील वास्तव्याची मुदत : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणकाळाच्या संदर्भात

प्रस्तावना :
परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तेथे किती काळ राहावे, हा प्रश्न आज व्हिसाच्या नियमांशी जोडला जातो. तथापि विद्यार्थी-व्हिसा अस्तित्वात येण्यापूर्वीही अशी मुदत होतीच; ती ठरविणारी सत्ता मात्र वेगळी होती. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

शिष्यवृत्तीची मुदत :
बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर केली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे बंधन त्यांनी करारान्वये स्वीकारले. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले व १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये मुदत संपली, तेव्हा एक वर्षाची वाढ मिळवून त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. तीही वाढ संपताच १९१७ मध्ये अभ्यास अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. ब्रिटिश प्रजाजन या नात्याने त्यांच्या लंडनमधील वास्तव्याला कायद्याची मर्यादा नव्हती. मर्यादा होती ती पैशाची.

विद्यापीठाची सवलत :
लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी दिली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीत केलेली बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात परीक्षकांनी फेरफार सुचविले, परंतु पैसा संपल्याने १९२३ मध्ये ते मायदेशी आले व सुधारित प्रबंध त्यांनी मुंबईहून पाठविला. त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर १९२७ साली हाती आली.

व्हिसाची मुदत :
अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांचा स्वतंत्र वर्ग केला, तर १९५२ च्या कायद्यातून आजचा एफ-१ व्हिसा आला. १९८० च्या दशकात, अभ्यासक्रम चालू असेपर्यंत राहण्याची मुभा देणारी पद्धत तेथे रूढ झाली. तिच्याऐवजी कमाल चार वर्षांची निश्चित मुदत ठेवून पुढील वाढीसाठी सरकारकडे अर्ज करावयास लावणारा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडण्यात आला. पीएच.डी.चे संशोधन अनेकदा त्याहून अधिक काळ चालते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

निष्कर्ष :
आंबेडकरांच्या उदाहरणावरून असे दिसते की, संशोधनाला लागणारा काळ आणि मंजूर झालेला काळ यांचा मेळ बसतोच असे नाही. त्यांच्या बाबतीत ही तफावत भरून निघाली, कारण मुदतवाढीचा निर्णय अभ्यासाची प्रगती जाणणाऱ्या विद्यापीठाच्या हाती होता. हा निर्णय परदेशी शासनाच्या हाती गेल्यास पावससारख्या गावातून कर्ज काढून जाणाऱ्या विद्यार्थ्याला दुहेरी मुदत सांभाळावी लागेल : एक पैशाची व दुसरी परवान्याची. आणि अभ्यास अर्धवट राहिला तरी त्याचे कर्ज मात्र पूर्णच फेडावे लागते.